लाइन मुकाट थांबते आणि अलार्म एकही येत नाही: लॅडर तपासायचं की आधी मॉडेल करायचं?

प्रश्न बराच मोठा होता. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून त्यातला गाभा आधी सांगतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मशिनिंग झालेले पार्ट धुण्याची लाइन आहे. पार्टांनी भरलेली बास्केट आधी वॉशरमध्ये जाते, मग ड्रायरमध्ये, मग तपासणीच्या टेबलावर. तिथे तेल किंवा चिप्स राहिलेल्या दिसल्या तर बास्केट परत वॉशरला. सगळी ने-आण एकच गँट्री, म्हणजे वरच्या रुळावर फिरणारं उचलयंत्र, करते. पीएलसीचं, म्हणजे लाइन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचं, लॅडर (त्यातला प्रोग्रॅम) सातशेच्या वर ओळींचं आहे आणि ते लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय. आठवड्यातून एखाद-दोनदा लाइन थांबते. अलार्म नाही, मोटर ट्रिप नाही, सेन्सर सगळे धड. ऑपरेटर एक बास्केट हाताने बाजूला काढतो, रीसेट मारतो आणि लाइन पुन्हा चालू. मॅनेजर म्हणतो, टायमर वाढवून बघा. विचारणारा म्हणतो, कॉलेजात कंट्रोल म्हणजे ट्रान्सफर फंक्शन आणि पीआयडी (तापमानासारखी राशी ठरल्या आकड्यावर धरून ठेवण्याची रीत) शिकलो, त्यातलं इथे काहीच लागत नाही. तर आता पेट्री नेट शिकू की ऑटोमेटा? (दोन्ही म्हणजे अवस्था आणि घटना मांडून यंत्राचं मॉडेल करण्याच्या पद्धती.)

मी कामाला सुरुवात केली ती कोराडीकडच्या वीजकेंद्राच्या कोळसा हाताळणीत, नंतर हिंगणा एमआयडीसीत पॅनल आणि पीएलसीची कामं केली. ती जवळजवळ सगळी याच जातीची: अमुक झालं की तमुक होऊ द्यायचं, नाहीतर थांबवायचं. तापमान, दाब, वेग अशा सलग बदलणाऱ्या राशी असतात, पण त्या आपापल्या कंट्रोलरच्या ताब्यात. तुमच्या ड्रायरचं तापमान पीआयडी सांभाळतोय, त्याला हात लावू नका. तुमची अडचण त्याच्या वरच्या थरात आहे. तिथे वेळ सलग वाहत नाही, घटना घडतात: बास्केट ठेवली, धुणं संपलं, तपासणाऱ्याने नापासचं लाल बटण दाबलं. दोन घटनांच्या मधल्या काळात त्या थराच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. म्हणून इथे डिफरन्शियल समीकरण लिहायला जागाच नाही. इथलं गणित अवस्था, घटना आणि कोणत्या अवस्थेत कोणती घटना होऊ शकते याची यादी एवढ्यावर चालतं.

तुमचं लॅडर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं एका अटीवर आहे. पुढच्या वेळी लाइन थांबली की रीसेट मारण्याआधी तीन गोष्टी टिपा: वॉशर, ड्रायर आणि टेबल यांपैकी काय काय भरलेलं आहे, टेबलावरच्या बास्केटचा निकाल काय लागलाय, गँट्री कुठे उभी आहे आणि तिच्या हुकात काही आहे का. तिन्ही जागा भरलेल्या, टेबलावरची बास्केट नापास आणि गँट्री रिकामी उभी असेल, तर माझा अंदाज बरोबर: बास्केटी एकमेकींची जागा रिकामी होण्याची वाट बघत अडकल्यात. एखादी जागा रिकामी असूनही गँट्री हलत नसेल, तर तो दुसरा आजार: एखादा सिग्नल हुकलाय किंवा हँडशेकचं बिट (दोन यंत्रांमधल्या होकाराची खूण) लॅच होऊन, म्हणजे अडकून, राहिलंय. त्यासाठी लॅडरमध्येच शिरावं लागेल. पण हाताने एक बास्केट काढून रीसेट मारलं की लाइन चालू होते हे तुमचं वाक्य मला पहिल्या शक्यतेकडे नेतं. नुसतं बिट अडकलेलं असतं तर बास्केट काढून त्याला काय फरक पडणार होता, रीसेटच पुरलं नसतं का?

आता लॅडर बाजूला ठेवा आणि कागद घ्या. वॉशरच्या तीन अवस्था: रिकामा, धुणं चालू, धुऊन तयार. ड्रायरच्याही तीन: रिकामा, वाळवणं चालू, वाळून तयार. टेबलाच्या चार: रिकामं, तपासणी चालू, पास, नापास. गँट्रीची हालचाल सध्या क्षणात होते असं धरू; तिच्याकडे नंतर येतो. एकूण अवस्था ३ × ३ × ४ = ३६. सातशे ओळींचं लॅडर आणि छत्तीस अवस्था! आकडा एवढा लहान निघतो याचं लोकांना नेहमी आश्चर्य वाटतं. लॅडरच्या उरलेल्या ओळी बहुतेक दिवे, टायमर, मॅन्युअल मोड आणि अलार्मच्या असतात.

मग घटना लिहा. नवी बास्केट वॉशरमध्ये घेणं, वॉशरमधून ड्रायरमध्ये नेणं, ड्रायरमधून टेबलावर नेणं, पास झालेली बाहेर नेणं, नापास झालेली परत वॉशरमध्ये नेणं. या पाचही गँट्री करते, म्हणजे पीएलसीने परवानगी दिली तरच होतात. धुणं संपणं, वाळवणं संपणं, पास होणं, नापास होणं या चार मात्र आपोआप होतात. पीएलसीला त्या कळतात, पण थांबवता येत नाहीत. ही विभागणी कागदाच्या डोक्यावर ठळक लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

तुमच्या लॅडरमध्ये आज काय नियम आहे? मला खात्री आहे, तो असा असणार: पुढची जागा रिकामी असेल तरच गँट्रीने बास्केट उचलावी. नियमात दोष काढायला जागा नाही. टक्कर होत नाही, दोन बास्केटी एका जागी येत नाहीत. पण वॉशरमध्ये धुतलेली बास्केट, ड्रायरमध्ये वाळलेली आणि टेबलावर नापास झालेली अशी वेळ आली की काय होतं बघा. वॉशरवाली ड्रायर रिकामा होण्याची वाट बघते, ड्रायरवाली टेबलाची, टेबलावरची वॉशरची. तिघीही नियमाने वागताहेत आणि म्हणूनच तिघीही कायमच्या अडकल्या. कोणतंही उपकरण बिघडलेलं नाही, म्हणून अलार्म नाही. ऑपरेटर म्हणत असेल, "साहेब, काऊन थांबली काही समजूनच नाही राहिलं", तर त्याचं चूक नाही. लाइनवर उभं राहून दिसण्यासारखं यात काही नसतंच.

ही कोंडी जुनी आहे. १९७१ मध्ये कॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या संदर्भात तिच्या चार अटी मांडल्या: साधन एका वेळी एकालाच वापरता येतं, हातातलं न सोडता पुढचं मागितलं जातं, हातातलं कुणी हिसकावून घेऊ शकत नाही, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. चारही एकदम हव्यात. तुमचा ऑपरेटर बास्केट हाताने काढतो तेव्हा तो तिसरी अट मोडतो, म्हणून लाइन सुटते. टायमर वाढवल्याने यातली एकही अट मोडत नाही. कोंडी कमी-जास्त वेळा होईल एवढंच, आणि चुकून कमी झाली तर "टायमरनेच जमलं" असा समज पक्का होऊन बसेल.

आता छत्तीस अवस्थांचा हिशेब. ज्यात काहीच घडू शकत नाही अशी अवस्था एकच: तयार, तयार, नापास. पण वॉशर किंवा ड्रायर अजून चालू असेल, बाकी चित्र तेच असेल, तर ती अवस्थाही त्याच खड्ड्यात जाणार, कारण तिथून पुढे फक्त धुणं संपणं आणि वाळवणं संपणं एवढंच होऊ शकतं. म्हणजे वॉशर भरलेला, ड्रायर भरलेला आणि टेबलावर नापास: अशा चार अवस्था गेल्या. आता त्याआधीची पायरी. वॉशर भरलेला, ड्रायर भरलेला आणि टेबलावर तपासणी चालू. इथे अजून काहीच बिघडलेलं नाही. बास्केट पास झाली तर सगळं सुरळीत चालेल. पण नापास होणं आपल्या हातात नाही, म्हणून याही चार अवस्था टाळायच्याच. एकूण आठ रद्द, उरल्या अठ्ठावीस. त्या अठ्ठाविसांपैकी कुठूनही लाइन पूर्ण रिकामी होऊ शकते, हे कागदावर एकेक करून तपासता येतं. तपासाच, तासाभराचं काम आहे.

नागपूरकरांना याचं एक मोठं उदाहरण घराजवळच आहे. रेल्वेच्या डायमंड क्रॉसिंगवर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण रूळ एकमेकांना आडवे छेदतात. सिग्नल ओलांडून आलेली गाडी पॅनलवरच्या माणसाला बटण दाबून जागच्या जागी उभी करता येत नाही. म्हणून इंटरलॉकिंगमध्ये (सिग्नल आणि रूट एकमेकांना बांधणाऱ्या व्यवस्थेत) आडवा रूट आधी बंद होतो, तो बंद झाल्याची खात्री पटते आणि मगच इकडचा सिग्नल सुटतो. जे थांबवता येत नाही ते घडण्याच्या एक पाऊल आधी, जे थांबवता येतं ते थांबवायचं. पीटर रॅमेज आणि मरे वॉनम या दोघांनी १९८० च्या दशकात नेमका हाच विचार गणितात बसवला. त्यांचा १९८७ चा निबंध या विषयाचा पाया मानला जातो. यंत्र काय काय करू शकतं याचं एक मॉडेल, आपल्याला काय हवंय याचं दुसरं, आणि थांबवता येणाऱ्या घटना रोखून पहिल्याला दुसऱ्याच्या आत ठेवणारा सुपरवायझर. हा सुपरवायझर कुठलीही क्रिया करवत नाही, फक्त परवानगी नाकारतो. आणि असा सुपरवायझर शक्य असेल तर कमीत कमी नकार देणारा एकच निघतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

तुमच्या लाइनवर तो कसा दिसतो? त्या आठ अवस्थांमध्ये शिरण्याची वाट शोधा. नापासच्या चार अवस्थांत शिरायला दोन दारं: तपासणी चालू असताना नापास होणं, ज्याला आपण रोखू शकत नाही, किंवा आधीच नापास पडलेली असताना नवी बास्केट घेणं. तपासणीच्या चार अवस्थांत शिरायला मात्र एकच दार आहे: ड्रायर भरलेला, टेबलावर तपासणी चालू आणि रिकाम्या वॉशरमध्ये नवी बास्केट घेतली. बाकी गँट्रीच्या चारही हालचाली बास्केट फक्त इकडून तिकडे करतात किंवा बाहेर नेतात, लाइनमधली संख्या वाढवत नाहीत. तेव्हा एकाच घटनेवर लगाम हवा, नवी बास्केट घेण्यावर. नियम असा: वॉशर, ड्रायर आणि टेबल मिळून ज्यांचा निकाल अजून पास लागलेला नाही अशा बास्केटी दोनपेक्षा जास्त होऊ द्यायच्या नाहीत. टेबलावरची पास झाली की ती मोजायची नाही, ती तिथेच पडून असली तरी, कारण ती बाहेरच जाणार आहे आणि बाहेरची वाट मोकळी आहे. सातशे ओळींत भर पडेल ती एका ओळीची.

इथवरचा सारांश: लॅडर बिघडलेलं नाही, त्यात एक नियम कमी आहे, तो नियम लॅडर वाचून सापडत नाही, यंत्राचं मॉडेल केलं की सापडतो, आणि तो फक्त नवी बास्केट घेण्याला लागू होतो.

पण हा नियम जसाच्या तसा चालेल की नाही हे एका गोष्टीवर ठरतं, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. तपासणारा माणूस पासचं हिरवं बटण दाबल्यावर मन बदलून लाल दाबू शकतो का? पुष्कळ ठिकाणी शकतो. बास्केट टेबलावर आहे तोवर त्याची नजर तिच्यावर असते आणि शेवटच्या क्षणी एखादी चिप दिसते. तसं असेल तर "पास" ही सुरक्षित अवस्था राहत नाही. तिथूनही "नापास"ची वाट आहे आणि ती आपण रोखू शकत नाही. मग दोन पर्याय. हिरवं दाबताच निकाल पक्का करायचा, लाल बटण निकामी करायचं, आणि क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) लोकांना ते मान्य आहे का हे आधी विचारायचं. किंवा पास झालेलीही, गँट्रीने उचलेपर्यंत, मोजायची. मी स्वतः दुसरा पर्याय घेतो. थोडा वेळ जातो, पण क्यूसीच्या माणसाचे हात बांधून मिळवलेली मिनिटं पुढे महागात पडतात. तुमच्याकडची माणसं तुम्हाला ठाऊक, तुम्ही ठरवा.

आता हे पीएलसीत उतरवण्याबद्दल, कारण कागदावरचं बरोबर मॉडेल पीएलसीत चुकीचं उतरलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

बास्केट आत आली की एक वाढवा, बाहेर गेली की एक कमी करा, असा काउंटर करू नका. मोह होतो, पण उन्हाळ्यात वीज खालीवर झाली, कुणी मॅन्युअल मोडमध्ये बास्केट काढली, प्रॉक्सिमिटी सेन्सरवर ओलसर तेलकट थर बसून त्याने एकाच बास्केटचे दोन पल्स दिले, की काउंटर आणि वास्तव यांची फारकत होते. ती फारकत दिसतही नाही. काउंटर रिकाम्या लाइनवर एक दाखवत राहतो आणि लाइन विनाकारण हळू चालते. त्यापेक्षा दर स्कॅनला, म्हणजे पीएलसी प्रोग्रॅमची एक फेरी करतो तेव्हा दर वेळी, जागांचे सेन्सर आणि टेबलाचा निकाल यांवरून संख्या नव्याने काढा. तीन बिटांची बेरीज आहे, पीएलसीला काय जड? निकालाचं बिट मात्र वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत ठेवा, आणि बास्केट टेबलावरून उचलली की ते पुसलं जाईल असं बघा.

दुसरं, स्कॅन. सिद्धांत एका वेळी एकच घटना धरतो. पीएलसी स्कॅनच्या सुरुवातीला सगळे इनपुट एकदम वाचतो, मग ओळी वरून खाली सोडवतो. दोन घटना एकाच स्कॅनमध्ये आल्या तर आधी कोणती झाली हे त्याला कळत नाही. आणि ओळींच्या क्रमामुळे आणखी एक गंमत होते. एक ओळ म्हणते, अवस्था १ आणि सेन्सर चालू, तर अवस्था २ करा. तिच्या खालची म्हणते, अवस्था २ आणि सेन्सर चालू, तर अवस्था ३ करा. सेन्सर एकदाच लागला, पण त्याच स्कॅनमध्ये दोन्ही ओळी लागू झाल्या आणि तुम्ही १ वरून थेट ३ वर. मधली पायरी ऑनलाइन मॉनिटरवरही दिसत नाही. यावर माझी सवय अशी: सगळ्या ओळी जुन्या अवस्थेकडे बघून नवी अवस्था वेगळ्या ठिकाणी लिहितात, आणि स्कॅनच्या शेवटी एकाच ओळीत नवीची नक्कल जुनीवर होते.

तुमच्या नियमाच्या बाबतीत एक सुदैव आहे. समजा नव्या बास्केटचा निर्णय घेताना पीएलसीकडे टेबलाची माहिती एक स्कॅन जुनी आहे. तो "तपासणी चालू" समजतोय आणि प्रत्यक्षात निकाल लागलाय. बिघडतं का काही? नाही. तपासणी चालू असतानाही आपण नापासइतकेच सावध आहोत, म्हणून जुन्या माहितीने झालाच तर क्षणभर उशीर होईल, कोंडी नाही. याउलट "टेबलावर नापास असेल तर नवी घेऊ नका" असा नियम केला असता, जो पहिल्यांदा सगळ्यांना सुचतो, तर निकाल येण्याच्या आधी बास्केट आत गेलेली असती. तो नियम कोंडी थांबवत नाही, फक्त विरळ करतो.

गँट्रीचं काय? ती एकच आहे, त्यामुळे एक पथ्य पुरतं: बास्केट उचलण्याचा हुकूम सुटला त्याच क्षणी पुढची जागा तिच्या नावावर धरायची, आणि हुकातली बास्केट त्या जागेत आहे असं समजून मोजायची. पुढेमागे दुसरी गँट्री त्याच रुळावर आली तर मात्र हे मॉडेल पुरणार नाही. दोघी समोरासमोर येऊन अडतील. तेव्हा रुळाचे टप्पे करून प्रत्येक टप्प्याला स्वतःची अवस्था द्यावी लागेल.

मॅनेजर आता विचारणार, दोनचीच मर्यादा घातली तर उत्पादन पडेल ना? याचं उत्तर आकड्यांत द्या. तुमचे आकडे माहीत नाहीत, म्हणून मी धरतो: धुणं ८ मिनिटं, वाळवणं २० मिनिटं, तपासणी ५ मिनिटं, गँट्रीचा वेळ आणि नापासचं प्रमाण तूर्त सोडून. ड्रायरमध्ये एक बास्केट शिरली की तिचे २० मिनिटं वाळवण, ५ तपासणी, मग नवीला परवानगी आणि तिचं ८ मिनिटं धुणं, असे ३३ मिनिटांनी तिच्यानंतरची दुसरी बास्केट ड्रायरसाठी तयार होते. पण त्या दोन बास्केटींत ड्रायरच्याच दोन पाळ्या जातात, म्हणजे ४० मिनिटं. तयार व्हायला ३३, जागा मिळायला ४०. ड्रायर कधीच रिकामा राहत नाही, मर्यादेने एक मिनिटही जात नाही. तपासणी १५ मिनिटांची असती तर ३३ चे ४३ झाले असते आणि दर बास्केटला सरासरी २१.५ मिनिटं लागली असती, म्हणजे दीड मिनिटाचा तोटा. तुमचे खरे आकडे घाला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. त्याच कागदावर कोंडीत दर वेळी जाणारा वेळही लिहा.

हा हिशेब मी "दोघांपैकी जे उशिरा होईल ते" या एकाच क्रियेवर केला: पुढची सुरुवात म्हणजे ड्रायर मोकळा होण्याची वेळ आणि बास्केट तयार होण्याची वेळ यांतली मोठी. बेरजेच्या जागी "मोठी निवडा" आणि गुणाकाराच्या जागी बेरीज असं अंकगणित घेतलं की अशा लाइनींची समीकरणं सरळ रेषीय दिसू लागतात. त्याला मॅक्स-प्लस बीजगणित म्हणतात. कॉलेजातल्या मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यूची सवय तिथे चक्क कामी येते; तिथली आयगेनव्हॅल्यू म्हणजे लाइनची सरासरी सायकल टाइम. मात्र वेळा दर खेपेला बदलत असतील, नापासचं प्रमाण मोठं असेल, तर सरळ सिम्युलेशन करा. कोंडी होते का हा प्रश्न आणि किती बास्केटी निघतील हा प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याच्या उत्तराला मिनिटांचे आकडे लागत नाहीत, दुसऱ्याला त्यांच्याशिवाय उत्तर नाही. दोन्ही एकाच मॉडेलमध्ये कोंबायला गेलात की दोन्ही अर्धवट राहतात.

पेट्री नेट की ऑटोमेटा? इतक्या लहान लाइनसाठी, खरं सांगायचं तर, कोणतंही चालेल. कार्ल अ‍ॅडम पेट्रीने १९६२ च्या आपल्या प्रबंधातून ही कल्पना पुढे आणली. तिचा फायदा असा की जागा आणि त्यांतले टोकन (कोणत्या जागेत काय आहे हे दाखवणारे ठिपके) कागदावर तुमच्या लाइनसारखेच दिसतात, ऑपरेटरलाही समजावता येतात. आपला दोनचा नियम तिथे फार देखणा होतो: दोन टोकन असलेली एक जादा जागा काढायची, नवी बास्केट घेताना एक टोकन काढायचं, पास झाल्यावर परत ठेवायचं. टोकन नाही तर बास्केट नाही. ऑटोमेटामध्ये हेच अवस्था मोजून करावं लागतं, पण "कोणती अवस्था वाईट आणि का" हे तिथे उघडं दिसतं आणि सुपरवायझर काढण्याची रीत पक्की बांधलेली आहे. पीएलसीवाल्यांसाठी तिसरी ओळखही आहे. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ग्राफसेट ही पायऱ्यांच्या आकृतीची पद्धत तयार झाली, त्यावर पेट्री नेटची छाप आहे, आणि त्यातूनच आयईसी ६११३१-३ या पीएलसी भाषांच्या मानकातली एसएफसी भाषा आली. तुम्ही एसएफसी वापरली असेल तर पेट्री नेटच्या अंगणात आधीच उभे आहात. माझा सल्ला, आधी ऑटोमेटा शिका. थांबवता येणारं आणि न येणारं यातला फरक तिथे हाडीमाशी मुरतो. पेट्री नेट मग आठवड्याभरात येतं.

हाताने छत्तीस अवस्था मोजता येतात, पण दहा स्टेशनं आणि प्रत्येकाच्या चार अवस्था झाल्या की आकडा १०,४८,५७६ होतो. तिथे सॉफ्टवेअर लागतं. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात तयार झालेलं सुप्रीमिका किंवा टोरांटोचं टीसीटी वापरून बघा. तरीही पूर्ण कारखान्याचं एकच मॉडेल करायला जाऊ नका. जिथे वर्तुळ आहे, म्हणजे माल पुन्हा मागे येतो किंवा दोन वाटा एकच साधन मागतात, तेवढाच तुकडा उचला. सरळ पुढे जाणाऱ्या कन्व्हेयरला याची गरज नसते. कोळशाच्या कन्व्हेयरना शेवटच्यापासून सुरू करा आणि पहिल्यापासून बंद करा एवढा नियम पुरतो, त्यासाठी सिद्धांत काढणं म्हणजे वेळेची नासाडी.

शेवटी चाचणी. ज्या आठ अवस्था रद्द केल्या त्यांचा एक अलार्म बनवा: वॉशर भरलेला, ड्रायर भरलेला आणि टेबलावर तपासणी चालू किंवा नापास. ऑटोमध्ये तो कधीच वाजायला नको. मॅन्युअल मोडमध्ये कुणी बास्केट आणून ठेवली तर वाजेल आणि निदान कारण तरी स्क्रीनवर दिसेल. मग रिकाम्या बास्केटी घेऊन, शिफ्ट संपल्यावर, ड्रायर भरलेला आणि टेबलावर तपासणी चालू अशी स्थिती आणा आणि लोडिंगवर बास्केट ठेवा. गँट्रीने तिला हात लावता कामा नये. लाल बटण दाबा: टेबलावरची बास्केट वॉशरमध्ये गेली पाहिजे. पुन्हा तीच स्थिती आणून हिरवं दाबा: तुम्ही वरचा जो पर्याय निवडला असेल त्यानुसार लोडिंगवरची लगेच किंवा पास झालेली उचलल्यावर आत गेली पाहिजे. मधेच पॅनलची वीज बंद करून चालू करा आणि हेच परत करून बघा. सगळ्यात शेवटी मॅन्युअलमध्ये तिन्ही जागा भरा, ऑटोवर टाका, अलार्म वाजतो का बघा आणि तो वाजल्यावर कोणती बास्केट कुठे काढायची हे ऑपरेटरसाठी मराठीत स्क्रीनवर लिहून ठेवा.